लिस्बनमधे एकच दिवस, सोबत वसईची आई (वय ६८, शाकाहारी) - काय बघू, काय खाऊ?

बंदरवाडी

नमस्कार मंडळी, मदत हवीये.

मी आणि आई नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोर्तुगालला जातोय. मी जर्मनीत असते, आई तीन महिन्यांसाठी आलीये, आणि परत जायच्या आधी तिला एक ट्रिप घडवायची असं मी ठरवलेलं. पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड सगळं समोर ठेवलं तर तिने एका वाक्यात सांगितलं, लिस्बन. कारण आमचं घर वसईला, किल्ल्यापासून चालत दहा मिनिटं, आणि आईने तिथल्याच शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, दरवर्षी पोरांची रांग करून किल्ल्यात न्यायची. तिचं म्हणणं असं की ही माणसं १५३४ ते १७३९ दोनशे वर्षं आपल्या अंगणात राहून गेली, तर ती ज्या गावाहून आली ते गाव मला एकदा डोळ्यांनी बघायचंय.

अडचण ही की बाकीचे दिवस पोर्तोला मैत्रिणीकडे आहेत. रविवारी रात्री ट्रेनने लिस्बनला पोचतो, सोमवार पूर्ण लिस्बन, मंगळवार सिंत्रा, बुधवारी सकाळी फ्लाइट. सोमवारची माझी यादी अशी झालीये: बेलेम टॉवर, जेरोनिमोस मठ, डिस्कव्हरीज मॉन्युमेंट, ट्राम २८, किल्ला, सांता जुस्ताची लिफ्ट, कार्मो, अल्फामा, एखादं फूड मार्केट, रात्री फादो (तिथली पारंपरिक गाणी). लिहितानाच मला दम लागला.

आईचे गुडघे दुखतात. चढ हळूहळू चढते पण उतारावर फार त्रास होतो. शाकाहारी आहे, केकमधलं अंडं चालतं पण ऑम्लेट नाही. शेजारी सगळे कोळी त्यामुळे मासळीच्या वासाचं काही नाही, फक्त ताटात नको.

यातलं काय ठेवू, काय काढू आणि तिला पोटभर काय खायला घालू?

तेजोकाठी

मी इथे नऊ वर्षं राहतोय. तुमच्या आईंचं कारण वाचून खरंच भरून आलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी दिवस बदला. सोमवारी जेरोनिमोस बंद असतो आणि तुम्ही त्याच्यासाठीच येताय. सिंत्रा सोमवारी करा, लिस्बन मंगळवारी. मंगळवारचा अजून एक फायदा आहे तो खाली सांगतो.

सकाळी साडेनऊच्या आत बेलेमला पोचा. ट्राम १५ जाते पण ती खचाखच भरते, त्यापेक्षा काइश दो सोद्रे स्टेशनहून कश्काइशकडे जाणारी लोकल घ्या, सातआठ मिनिटांत बेलेम आणि बसायला जागा मिळते. मठाला दोन दारं दोन रांगा असतात हे लोकांना कळत नाही. चर्चला तिकीट नाही, तिकीट लागतं ते आतल्या चौकाला. आधी चर्चमधे जा. आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला वास्को द गामाची समाधी आणि उजव्या हाताला कवी कामोंइशची. वास्को वारला कोचीला, १५२४ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, आधी तिकडेच सेंट फ्रान्सिस चर्चमधे पुरला होता, पंधरा वर्षांनी अवशेष पोर्तुगालला आणले, आणि या मठात तर १८८० मधे. कामोंइश स्वतः गोव्यात राहून गेलेला. मग तिकीट काढून चौकात जा. मठाचं काम राजा मानुएलने १५०१ मधे सुरू केलं, आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या कराचा पैसा त्यात ओतलाय, म्हणजे आपल्याकडच्या व्यापारातूनही हे उभं राहिलंय. खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड, शिंपले, आणि एक कड्यांचा गोल दिसेल, ते मानुएलचं चिन्ह. तो गोल आईंना ओळखीचा वाटणार बघा.

किल्ला यादीतून काढा. आत मुख्यतः तटबंदी आणि वरून दिसणारं गाव, बरीचशी तटबंदी १९४० च्या सुमारास पुन्हा बांधलेली, तिकीट भरपूर आणि चढ जबरदस्त. किल्ला तर तुमच्या दारातच आहे आणि तो जास्त खरा आहे. सांता जुस्ताची लिफ्टही काढा, ४५ मीटर वर जायला तास तास रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही.

त्याऐवजी दुपारी साओ विसेंते द फोराला जा, हे मी हात जोडून सांगतो. टुरिस्ट फार येत नाहीत. तिथे ब्रागांसा राजघराण्याच्या समाध्या आहेत आणि त्यात कॅथरीन आहे, जिच्या लग्नाच्या कराराने १६६१ मधे मुंबई इंग्रजांना मिळाली ती. म्हातारपणी ती लिस्बनला परत आली, १७०५ मधे इथेच गेली. वसईच्या इतिहासाच्या बाईंनी तिथे जायलाच हवं. टॅक्सी थेट दारापर्यंत जाते. आणि मंगळवार म्हणून अजून एक गंमत, चर्चच्या मागच्या मैदानात फेइरा दा लाद्रा भरतो, मंगळवार आणि शनिवारच. नावाचा अर्थ इथले लोक चोरबाजार असाच लावतात. जुन्या टाइल्स, नाणी, कुलपं, पितळेच्या वस्तू.

आणि ट्राम २८ पूर्ण करू नका, ती तिथूनच जवळून जाते, तिच्यात बसून पोर्ताश दो सोल ला उतरा, नदी बघा, मग पुन्हा तीच पकडून खालच्या बाइशा भागात. म्हणजे उतार सगळा ट्राममधे जाईल, गुडघ्यांना त्रास नाही. नोव्हेंबरात साडेपाचलाच सूर्य मावळतो, तो हिशोब ठेवा.

फिरस्ती

वरच्या सगळ्याला अनुमोदन. माझ्याकडून दोनतीन गोष्टी ज्या आम्हाला कोणी सांगितल्या नव्हत्या.

ट्राम २८ मधे माझ्या नवऱ्याचं पाकीट गेलं, मागच्या खिशातून, आणि आम्हाला तीन स्टॉप नंतर कळलं. पासपोर्ट हॉटेलवर ठेवा, पर्स पुढे घ्या.

हॉटेलात बसलं की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज, लोणी आणून ठेवतात. आम्हाला वाटलं आपल्याकडे कांदा लिंबू देतात तसं. बिलात प्रत्येकाचे वेगळे पैसे लागले, चौघांचे मिळून अठरा युरो. याला कुव्हेर म्हणतात, फसवणूक नाही, पद्धतच आहे, नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही.

आणि बूट! फुटपाथ छोट्या छोट्या पांढऱ्या काळ्या दगडांचे आहेत, दिसतात फार सुंदर पण वर्षानुवर्षं पाय लागून गुळगुळीत झालेत आणि नोव्हेंबरात पाऊस असतो. ओल्या दगडावर मी दोनदा घसरले. आईंना चांगली ग्रिप असलेलेच बूट घाला, चप्पल सँडल अजिबात नको.

वरणभात

शाकाहारी म्हणून मी हजर.

सकाळचं खाणं बेलेमलाच. पास्तेइश द बेलेम, १८३७ पासूनचं दुकान, मठाच्या अगदी शेजारी. १८३४ मधे सरकारने सगळे मठ बंद केले, आणि मठातली कृती बाहेर येऊन हे दुकान झालं. असं सांगतात की मठांमधे कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा बलक वापरायचे आणि उरलेल्या पिवळ्याचं काय करायचं म्हणून इतक्या मिठाया निघाल्या. बाहेरची लांब रांग पार्सलची असते, बसून खायचं असेल तर सरळ आत जा, आत खोल्यांमागून खोल्या आहेत. इथले पास्तेल (छोटे कस्टर्ड टार्ट) गरम गरम येतात, वरचा पापुद्रा खारीसारखा कुरकुरीत आणि आत कस्टर्ड, वरून दालचिनी आणि पिठीसाखर स्वतः भुरभुरवायची. अंडं आहे पण केकसारखंच, आईंना चालावं. एकेकीला तीन तरी सांगा, दोनाने मन भरत नाही.

चहा मागताना मजा येईल, पोर्तुगीजमधे चहाला शा म्हणतात, "शा कोम लाइत" म्हणजे दुधाचा चहा. आपल्यासारखा उकळलेला नसतो, पण दूध वेगळं गरम करून मिळतं. कॉफी छोटी हवी तर बिका, मोठी दुधाची हवी तर गलाव, काचेच्या ग्लासात येते.

जेवणाला "सें कार्न, सें पेइश" पाठ करा, मांस नको मासा नको. फक्त वेज म्हटलं तर ट्यूना घालून सॅलड आणतात, माझ्याबरोबर झालंय. काल्दू व्हेर्द नावाचं बटाट्याचं आणि हिरव्या पानांचं सूप छान असतं पण त्यात वर सॉसेजची चकती टाकतात, ती नको म्हणून आधी सांगा, आणि रस्सा कशाचा तेही विचारा. भाजीचं साधं सूप, सोपा द लेगुमश, जवळपास प्रत्येक छोट्या खानावळीत रोज असतं. कोपऱ्यावरच्या या खानावळींना ताश्का म्हणतात, दुपारी फळ्यावर त्या दिवसाचं ताट लिहिलेलं असतं, टुरिस्टांच्या रस्त्यावरच्या फोटोवाल्या मेन्यूपेक्षा तिथे जेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेइशिन्युश दा ओर्ता मागाच. शब्दशः बागेतले छोटे मासे, पण मासा नाहीच त्यात, फरसबीच्या अख्ख्या शेंगा पिठात बुडवून तळलेल्या. आपली भजीच. पोर्तुगीज लोकांनी हे सोळाव्या शतकात जपानला नेलं आणि त्याचं तिकडे तेम्पुरा झालं.

एक सावधगिरी, सँडविचमधे बिफाना म्हणजे डुकराचं आणि प्रेगू म्हणजे गाईचं. नाव छोटं असतं, चुकून मागवलं जातं.

नोव्हेंबर म्हणजे भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या रस्त्यावर असतील, धुराचे लोट लांबून दिसतात, कागदाच्या पुड्यात गरम गरम देतात. शिंगाड्यासारखी चव आणि थोडा रताळ्याचा गोडवा. आईंना नक्की आवडेल.

मडगावकर

थोडं वेगळं लिहितो, वाईट वाटून घेऊ नका.

बेलेम बघा, पण डिस्कव्हरीज मॉन्युमेंट काढायचं असेल तर खुशाल काढा. ते जुनं नाही, १९६० चं आहे, हुकूमशहा सालाझारच्या काळातलं, आणि दीडच वर्षात गोवा त्यांच्या हातून गेला. मला त्याच्यासमोर उभं राहून काही छान वाटलं नाही. माझे आजोबा पोर्तुगीजमधे शिकले, घरात आजही आम्ही जनेल (खिडकी), कदेल (खुर्ची) म्हणतो, मला त्या भाषेबद्दल प्रेम आहे, पण म्हणून सगळंच गोड करून बघायचं नाही.

त्याऐवजी संध्याकाळी रोसियो चौकात अर्धा तास काढा. चौकाच्या वरच्या बाजूला पांढऱ्या खांबांचं राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्या जागेवर आधी इन्क्विझिशनचा (चर्चच्या धर्मन्यायालयाचा) वाडा होता. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत जे चाललं त्याचं मूळ इथे. बाजूलाच साओ दोमिंगुश चर्च, जरूर आत जा, १९५९ मधे आतून जळलं आणि छत नवीन केलं पण खांब तसेच फुटलेले, काळवंडलेले ठेवलेत. बाहेर १५०६ मधे याच चौकात मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. आई इतिहासाच्या शिक्षिका आहेत म्हणून सांगतोय, बेलेममधे जे दिसत नाही ते इथे दिसतं.

तिथून मार्तीं मोनीज चौक पाच मिनिटांवर. बांगलादेशी, पंजाबी, गुजराती, चिनी सगळी दुकानं, आईंना भात डाळ हवी असेल तर तिथेच. मोरारिया भागात गोव्याची जेवणंही मिळतात, मेन्यूवर xacuti असं लिहिलेलं असतं, मागताना "शाकुती" च म्हणा, कळतं. बहुतेक मांसाहारी असतं पण शेवटी बेबिंका मागवा, थराथराचं, नारळाच्या दुधाचं. आणि कुठल्याही साध्या कॅफेच्या काउंटरवर समोसा दिसेल, शामुसा म्हणतात. तो आपल्याकडूनच गेलाय. फक्त आत खिमा असतो बहुतेक वेळा, भाजीचा आहे का विचारा.

तेजोकाठी

मडगावकर, पटलं. पण मॉन्युमेंटसमोर जमिनीवर ५० मीटरचं दिशाचक्र आहे आणि त्याच्या मधोमध संगमरवराचा जगाचा मोठा नकाशा, त्यावर त्यांची जहाजं कुठे कधी पोचली ते वर्षांसकट दाखवलंय. वर चढू नका, तिकीट काढू नका, फक्त तो नकाशा बघा. त्यावर चालत चालत माणूस लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात येतो, ते अंतर पायाला कळतं.

जुनी_पानं

टॉवर आतून बघायची गरज नाही, पण बाहेरून एका बुरुजाच्या खाली गेंड्याचं डोकं कोरलंय ते शोधा. झिजलंय पण कळतं. गोष्ट अशी, गुजरातच्या सुलतान मुझफ्फरने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कच्या वकिलांना गेंडा भेट दिला, आल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजात चढवून राजा मानुएलला पाठवला, आणि २० मे १५१५ ला तो लिस्बनला उतरला. तेव्हा हा टॉवर बांधणं चालू होतं. युरोपात कित्येक शतकांत कोणी गेंडा पाहिला नव्हता. जर्मन चित्रकार ड्यूररने तो न बघताच, आलेल्या वर्णनावरून चित्र काढलं, आणि पुढची दोनशे वर्षं युरोपने गेंडा तसाच असतो असं मानलं. इथले लोक त्याला नावाने गांदा म्हणायचे, आपलाच गेंडा. पुढे राजाने तो पोपला पाठवला आणि इटलीजवळ जहाज बुडालं, तो साखळीने बांधलेला होता. लहानपणी ही गोष्ट वाचली तेव्हा फार वाईट वाटलेलं, अजून वाटतं.

बंदरवाडी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काल परत आलो, लगेच लिहायला बसले.

दिवस बदलला ते फार बरं झालं. मंगळवारी सकाळी साडेनऊला आम्ही चर्चच्या दारात. वास्कोच्या समाधीपाशी आई बराच वेळ उभी राहिली, काही बोलली नाही. चौकात मात्र तिला तो कड्यांचा गोल दिसला आणि ती एकदम मोठ्याने म्हणाली, अगं हा आपल्या बालेकिल्ल्याच्या दरवाजावर आहे! तीस वर्षं पोरांना दाखवत आले मी. मग ती प्रत्येक खांबावर तो शोधत फिरली, मी मोजायचं सोडून दिलं. बाहेर पडताना घंटा वाजत होत्या, तर तिथेच बाकावर बसून मला चिमाजी अप्पांनी वसईच्या चर्चच्या घंटा कशा काढून नेल्या, एक मेणवलीला एक भीमाशंकरला, ते सगळं परत सांगितलं. मला पाठ आहे ते, पण तिथे बसून ऐकताना वेगळंच वाटलं.

पास्तेल तीन तीन खाल्ले, नंतर अजून दोन. गेंडा सापडायला वीस मिनिटं लागली.

साओ विसेंतेत आम्ही दोघी आणि एक म्हातारं जोडपं, एवढेच. कॅथरीनची समाधी अगदी साधी, नावावरूनच ओळखायची. आई म्हणाली, बिचारीला कोणी विचारलं पण नसेल मुंबई कुठे आहे माहितीये का. चोरबाजारात तिने एक निळी टाइल घेतली, कोपरा तुटलेली, चार युरोला, घासाघीस मराठीत केली आणि जमली.

ट्राममधे उतार गेला त्यामुळे गुडघे शाबूत. साओ दोमिंगुशमधे गेलो, मडगावकर, बरं झालं सांगितलंत. आई आत पाच मिनिटं बसली आणि बाहेरच्या स्मारकाला हात लावून नमस्कार केला. फादो राहिला, आठला ती झोपली होती.

आणि शब्द! सुपरमार्केटमधे बताता, कोव्ह, अननाश, काजू अशा पाट्या बघून ती लहान मुलीसारखी खूश. काउंटरवर बाई "पगार" म्हणाली, म्हणजे पैसे द्या, तेव्हा तर ती थांबलीच. हॉटेलच्या पोराला तिने चावी म्हणून चावी मागितली आणि त्याने दिली.

वरणभात, ते फरसबीचं तळण दोन ताटं संपवली. आई इकडे करणार म्हणतेय. पीठ मैद्याचंच ना, की थोडं तांदळाचं घालायचं?

वरणभात

मैदाच, त्यात एक अंडं, मीठ, मिरपूड आणि गार पाणी, डोशाच्या पिठापेक्षा जरा घट्ट. शेंगा आधी मिठाच्या पाण्यात चारपाच मिनिटं उकळून पूर्ण कोरड्या करून घ्या, नाहीतर पीठ सुटून येतं. अंडं नको असेल तर सोडा वॉटर घाला, मी तसंच करतो. तांदळाचं पीठ दोन चमचे घातलंत तर जास्त वेळ कुरकुरीत राहतात, पण मग ती चव थोडी आपल्याकडे सरकते.